नानांचा लाल रंग

मागच्या महिन्यात आमच्या कॉलेजातल्या रसायनशाळेत सरांनी एक प्रयोग दाखवला. काचेच्या नळीत पाण्यासारखं स्वच्छ काहीतरी होतं. सरांनी त्यात आम्लाचे दोन थेंब टाकले आणि नळी खिडकीतल्या उन्हात धरली. कडेकडेनं निळी झाक उमटली. मुलं "वाहवा, वाहवा" करू लागली. आमच्या संस्थानात शास्त्रसुद्धा उर्दूतून शिकवतात, त्यामुळे कौतुकही उर्दूतूनच होतं. सर म्हणाले, "हे क्विनीन आहे. हिवतापाचं औषध. तुमच्यापैकी कुणी हे आधी पाहिलेलं नसणार."

मी हात वर करायला हवा होता. केला नाही. मी ते पाहिलं होतं, आणि पाहूनही नंतर जे केलं ते सांगायची वेळ आली असती. वर्गात सांगता आलं नाही म्हणून इथे लिहितो आहे. लिहिणं मला सहज जमत नाही. माझ्या घरात माझ्याआधी कुणी शाळेत गेलेलं नाही. आजा मेंढरं घेऊन फिरायचा, माझ्या वडलांनी, आबांनी, जमीन धरली आणि मी कॉलेजात आलो. काही मागंपुढं झालं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

मला नानांबद्दल लिहायचं आहे. नाना म्हणजे आमच्या दवाखान्यातले कंपाउंडर. गावाचं नाव लिहीत नाही. जाफराबाद आणि धावडा यांच्या मधलं एक बाजाराचं गाव, एवढं पुरे.

नाना उंच, वाळकुडे, थोडे पुढे वाकलेले. काळा बंद गळ्याचा कोट उन्हाळ्यातही अंगातून निघायचा नाही. कोटाच्या उजव्या खिशात कायम एक लिंबू असायचं. खिसा त्या लिंबाच्या आकाराचा होऊन गेला होता. आणि उजव्या हाताची दोन बोटं नखांपर्यंत लाल. बाजारातल्या बाया म्हणायच्या, "नाना, मेंदी कोणाच्या नावाची काढली?" नाना म्हणायचे, "दवाखान्याच्या. बारा महिने लगीनच हाय आमचं."

ती लाली औषधाची होती. त्या वेळी दवाखान्यात जाताना लोक बाटली घरून न्यायचे. नाना ती आधी नाकाशी धरत, मग धूत, मग मापाच्या ग्लासानं औषध भरत. कागदाची एक पट्टी कात्रीनं दातेरी कापून डिंकानं बाटलीला चिकटवत. एक दाता म्हणजे एक वेळचं औषध. सगळ्यात शेवटी एका काळपट बाटलीतून पाच-सहा थेंब टाकत, आणि तापाचं औषध लालभडक होऊन जाई. बाटली हलवून, एक डोळा बारीक करून नाना तिच्याकडे बघत. स्वयंपाक झाल्यावर बाई भाजीच्या रंगाकडे बघते तसं.

खोकल्याच्या औषधात ते जाळलेल्या साखरेचा तपकिरी रंग घालत. पण लोकांना खरं प्रेम होतं ते लालवर. "लाल बाटली द्या नाना," म्हटलं की ताप आलाय हे वेगळं सांगावं लागत नसे. हा रंग जुन्या डॉक्टरसाहेबांनी सुरू केला होता. ते गेले, दुसरे आले. नवे साहेब चार गावांना मिळून एकच, त्यामुळे आमच्याकडे आठवड्यातून एक-दोन दिवसच असत. रंग मात्र नानांच्या हातात राहिला.

नानांना एक खोड होती. कुठलीही वस्तू हातात आली की ते विचारत, "आत काय?" हलवायाचा पेढा घेतला तरी "आत काय?" सरकीची पेंड पाहिली तरी पोत्यात हात घालून "आत काय?" एकदा लग्नात नवरदेवाच्या मुंडावळ्यांतला मोती बोटानं दाबून त्यांनी विचारलं, "आत काय, लाख का काच?" नवरदेवाचा मामा चिडला. गाव त्यांना मागं 'आतकाय नाना' म्हणायचं. त्यांना ते माहीत होतं आणि त्याचा बहुतेक त्यांना अभिमानही होता. ते म्हणायचे, "पोटात जाणारी चीज हाय. खाणाराला आतलं माहीत पाह्यजे. न्हाई तर तो खात न्हाई, त्याला चारलं जातं."

ही खोड त्यांना एकदा चांगलीच भोवली.

बाजारपेठेत चंपाबाई नावाच्या मारवाडी आजी होत्या. त्यांचं सोवळं इतकं कडक की जमिनीखाली पिकलेली भाजी घरात येत नसे. त्यांच्या जावयानं मुंबईहून ताकदीच्या औषधाची डबी पाठवली. त्यात कॅप्सूल होत्या. आमच्या गावानं कॅप्सूल पहिल्यांदा पाहिली ती तेव्हा. लोकांनी तिला लगेच 'शेंग' नाव देऊन टाकलं, कारण वर टरफल आणि आत दाणा. चंपाबाई डबी घेऊन नानांकडे आल्या. मी त्या दिवशी आबांच्या पायावरच्या गळवाचा मलम न्यायला तिथे बसलो होतो.

"नाना, ही शेंग चावायची का गिळायची?"

"गिळायची, आजी."

"वर काय हाय? गोंद हाय का?"

नाना थांबले. 'हो' म्हणाले असते तर आजी डबी घेऊन घरी गेल्या असत्या. पण ते म्हणाले, "गोंद न्हाई. सरस हाय. जनावराची हाडं आन् कातडी उकळून काढत्यात."

चंपाबाईंच्या हातातून डबी पडली. नानांनी शांतपणे ती उचलली, एक शेंग घेतली, दोन बोटांनी ओढून तिचे दोन तुकडे केले आणि आतली पूड कागदावर ओतली. "हे बघा. औषध हे एवढंच. वरचं फेकून द्या, पूड मधात चाटा. बिलकुल फरक पडत न्हाई."

आजींना धीर आला. पण त्या काही साध्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, "आन् तुमच्या लाल बाटलीत काय हाय? लाल कायचं?"

मी नानांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणीच विचारला नव्हता. सगळ्या गावाला 'आत काय' विचारणाऱ्या माणसाला आत काय हे विचारणारी ती पहिलीच बाई.

"किडे," नाना म्हणाले. "किरमिजी किडे. वाळवून, कुटून रंग काढत्यात."

"म्हंजे मी आठ साल किडे पिले?"

"हो, आजी."

चंपाबाई पायरीवर जाऊन थुंकल्या, तीन दिवस उपवास केला आणि चौथ्या दिवशी परत आल्या. म्हणाल्या, "रंग न्हाई घालायचा. ताप गेला तर ठीक, न्हाई तर मरते." नानांनी त्यांना बिनरंगाची बाटली दिली. ताप नेहमीसारखाच उतरला. त्या दिवसापासून गावात एकच बाटली पांढरी जायची, चंपाबाईंची. बाकी सगळ्या लाल. डॉक्टरसाहेब नानांना बोलले, "आपसे किसने पूछा था? बताने की क्या जरूरत थी?" नाना म्हणाले, "साहेब, त्यांनीच पूछा था."

हा किस्सा गावानं किती वर्षं हसून हसून सांगितला. मीही हसलो. ताप रंगाशिवायही उतरतो हे त्या बिनरंगाच्या बाटलीनं सांगितलं होतं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. नानांच्यासुद्धा नाही.

मग लढाई सुरू झाली. ती आमच्यापासून फार लांब होती, पण तिनं आमच्या दवाखान्यातलं क्विनीन संपवलं. नाना सांगायचे, ज्या झाडाच्या सालीपासून ते निघतं ती झाडं समुद्रापलीकडं आहेत आणि तो मुलूख शत्रूनं घेतलाय. लोकांना ते पटत नसे. कपाट तर समोरच आहे, तिथे औषध का नाही?

भादव्यात आमच्या गया वहिनीला ताप आला. एक दिवसाआड हुडहुडी भरायची, तीन वाकळा घातल्या तरी दात वाजायचे, मग अंग तव्यासारखं व्हायचं. वहिनी माझ्याच वयाची होती. मी मॅट्रिकला बसलो तेव्हा तिनं परीक्षेच्या दिवसांत मला एकदाही मेंढरांमागं जाऊ दिलं नाही. स्वतः गेली. मी कॉलेजात आहे त्यात तिचा वाटा किती हे मला मोजता येत नाही.

दादा नानांकडे गेला. नानांनी रिकामं कपाट उघडून दाखवलं. "माझ्यापाशी न्हाई रे म्हादू. जालन्याला मोठ्या दवाखान्यात जा. चिठ्ठी देतो. उशीर करू नको."

दादा दुसऱ्या दिवशी जालन्याला जायला निघाला, पण तो बाजाराचा दिवस होता. बाजारात एक व्यापारी पाल टाकून बसला होता. त्याच्यापुढं लाल शेंगांचा ढीग. तो ओरडत होता, "असली क्विनीन! दवाखान्यात जी लाल बाटली मिळते ना, तेच औषध! सुकवून भरलंय! जल्दी करा!" दादानं शेंगा घेतल्या. जालन्याला जायची गरजच उरली नाही.

वहिनीनं त्या शेंगा तेरा दिवस घेतल्या. एकही चुकवली नाही. फार श्रद्धेनं घेतल्या. शेवटच्या दिवशी ती कुणाला ओळखत नव्हती.

मी कॉलेजातून आलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. दहाव्यानंतर नाना आमच्याकडे आले. ओसरीत बसले, पाणी घेतलं आणि म्हणाले, "म्हादू, ती शेंग एखादी उरलीय का?" दादानं कोनाड्यातून पुडी काढून दिली. नानांनी काचेचा ग्लास मागितला. आमच्याकडे नव्हता. मग त्यांनी कोटाच्या डाव्या खिशातून स्वतःचा मापाचा ग्लास काढला. एक शेंग ओढून उघडली. पूड तळहातावर घेऊन जिभेला लावली.

"कडू न्हाई," ते म्हणाले.

मग खिशातलं लिंबू काढून थोडं पिळलं. पूड फसफसली. साध्या खडूवर लिंबू पिळलं तर फसफसतो तशीच. उरलेली पूड पाण्यात टाकून, वर लिंबू पिळून त्यांनी ग्लास उन्हात धरला. पाणी गढूळ, पांढरं राहिलं.

"हे बघा आता," म्हणत त्यांनी कोटातून एक लहान बाटली काढली. तळाशी चिमूटभर काहीतरी होतं. अडीअडचणीसाठी ठेवलेलं ते शेवटचं क्विनीन. हे वहिनीला का नाही दिलं, असं माझ्या मनात आलं. त्यांना ते दिसलं असावं. "एवढ्यानं एका वेळचंबी औषध होत न्हाई," ते म्हणाले. त्यातलं कणभर त्यांनी ग्लास विसळून नव्या पाण्यात टाकलं, लिंबू पिळलं आणि उन्हात धरलं. निळी झाक आली. आभाळाचा तुकडा पाण्यात विरघळावा तशी.

"क्विनीन असलं तर हे निळं मारतं. न्हाई मारलं तर न्हाई. म्हादू, त्यानं तुला खडू दिला. खडू आन् पीठ." नानांचा आवाज चढला. मी त्यांना कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. "अरे, कडू औषध लोकांना घेववत न्हाई म्हणून ही शेंग निघाली. कडू झाकायला! आन् हे हरामखोर कडू नसलेलं झाकून राह्यले! जिभेला कळू नये म्हणून! माणसाची जीभ हाय ती, देवानं पहाऱ्याला बसवलेली, तिलाच फसवायचं!"

मग त्यांनी विचारलं, "म्हादू, तू शहाणा माणूस. बाजारातल्या पालावरून कशी घेतली रे?"

दादा म्हणाला, "नाना, तुमच्यासारखीच लाल होती की."

नाना आपल्या लाल बोटांकडे बघत राहिले. आबा काहीतरी विचारत होते, तेही त्यांना ऐकू गेलं नाही. मग उठले आणि मला म्हणाले, "सखाराम, तो लाल मीच शिकवला रे गावाला." आणि पायताण घालून चालते झाले.

पुढच्या बाजाराला नाना त्या व्यापाऱ्याच्या पालापुढं जाऊन उभे राहिले. लिंबू हातात, ग्लास हातात. त्यांनी एक शेंग उघडली, फेस काढून दाखवला. गर्दी जमली. व्यापारी हसत होता.

"कंपाउंडरसाहेब, तुमचं कपाट रिकामं पडलंय म्हणून जळून राह्यले का?"

"हा खडू हाय!"

"आन् तुमच्या बाटलीत काय असतं? लाल रंगच ना? तुमचा लाल दवाखान्यात, माझा लाल बाजारात. फरक काय ते सांगा लोकांना!"

लोक हसले. मी तिथे होतो. हसणाऱ्यांत ज्यांच्या घरात ताप होता असे निदान चार जण मला दिसले. ते अजून आठवलं की माझ्या अंगाची लाही होते. त्या व्यापाऱ्यानं त्या दिवशीही शेंगा विकल्या. पुढच्या बाजाराला तो आला नाही. कुणी हाकलला म्हणून नव्हे, त्याचा माल खपला म्हणून.

आश्विनात थोडं क्विनीन आलं. नानांनी औषध केलं आणि ती काळपट रंगाची बाटली कपाटाच्या तळाशी ठेवून दिली. त्यांनी ठरवलं, आता लाल नाही. तापाचं औषध पाण्यासारखं जाणार. शिवाय त्यात आम्ल असतंच, म्हणून त्या औषधाची बाटली उन्हात धरली की ती आपोआप निळी झाक मारायची. इतकी वर्षं ही झाक लाल रंगाखाली दडली होती. आता नाना प्रत्येक माणसाला दवाखान्याच्या पायरीवर नेत, बाटली उन्हात धरत आणि म्हणत, "हे निळं दिसलं? हे दिसलं तरच प्यायचं. माझ्या हातचं असलं तरी दिसल्याबिगर प्यायचं न्हाई. बाजारात कोणी लाल देवो, पिवळं देवो, आधी लिंबू पिळा, उन्हात धरा. डोळ्यानं औषध पिऊ नका, डोळ्यानं तपासा."

मला वाटतं, आमच्या सबंध तालुक्यात एवढी मोठी गोष्ट कुणी कुणाला शिकवली नसेल. लिहिता न येणाऱ्या माणसाला, एका लिंबाच्या फोडीवर, आपलं औषध खरं का खोटं हे कळू शकत होतं. आणि आम्ही काय केलं?

आधी लोक म्हणाले, नानानं औषधात पाणी घातलं. मग दगडूबा नावाचे आमच्या गावचे एक गृहस्थ बाटली घेऊन पारावर आले. म्हणाले, "उन्हात धरा, कशी निळी चमकते. अशी चमक कशाला असते? घासलेटाला असते! कंदिलात बघा घरी जाऊन!" लोकांनी बघितलं. खरंच घासलेटालाही उन्हात तशीच निळसर झाक असते. मग दगडूबांनी बूच काढून वास दिला. घासलेटाचा वास! तो येणारच होता. ती बाटली त्यांच्या घरात दिवाबत्तीच्या तेलाची होती. नाना बाटली नाकाशी धरून, धुऊनच भरत, पण त्या दिवशी गर्दी होती आणि दगडूबांनी बाटली धुतलेली आहे म्हणून सांगितलं होतं.

झालं. घासलेट तेव्हा दिव्यालाही मिळत नव्हतं, ते कंपाउंडर औषधात कशाला घालेल, एवढा विचार कुणी केला नाही. बायांनी बाटल्या ओढ्यात ओतल्या. खरं क्विनीन! ज्याच्यासाठी महिनाभर माणसं मरत होती ते! ओढ्याच्या काठावर मी ओल्या कागदी पट्ट्या पडलेल्या पाहिल्या. नानांच्या कात्रीनं कापलेल्या, दातेरी.

आता माझा भाग. तो लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होतो. एका सकाळी आमच्या अंगणात पाटील आले. पाटील याआधी कधी आमच्या अंगणात आले नव्हते. काम असलं की आबांनाच बोलावणं जायचं. बरोबर दगडूबा आणि आणखी दहा-बारा माणसं. आबांनी घोंगडी अंथरली. पाटील म्हणाले, "धनगराच्या पोरानं कॉलेज गाठलं म्हणत्यात. मंग आता गावाच्या कामी येऊ दे. वर अर्ज धाडायचाय. उर्दूत पाह्यजे, चांगल्या."

आबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. एवढा आनंद. मी आत जाऊन दौत आणली.

दगडूबा सांगत गेले, मी लिहीत गेलो. कंपाउंडर औषधात पाणी मिसळतो. घासलेट मिसळतो. सरकारी औषधाची अफरातफर करतो. एकदा माझी लेखणी थांबली. मी म्हणालो, "पण ते निळं म्हणजे..."

"काय?" पाटलांनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. आबाही.

"काही न्हाई," मी म्हणालो, आणि 'घासलेट' हा शब्द लिहिला. ठळक. माझं उर्दू अक्षर चांगलं आहे.

मग अंगठे लागले. आबांनी लावला. दादा मात्र शेतात निघून गेला. चंपाबाईंकडे कागद नेला तेव्हा त्यांनी तो बोटानं दूर सारला आणि म्हणाल्या, "मी तर कवापासून बिनरंगाचंच पिते. मरायचं असतं तर मेले असते. चालते व्हा." एवढ्या मोठ्या गावात शहाणी एकच निघाली, ती सुद्धा किड्यांच्या किळसेपायी.

चौकशीला कुणी आलं नाही. कुणी एक बाटली उन्हात धरून पाहिली नाही. फक्त हुकूम आला. नानांची बदली लांब, तेलंगी मुलखात. जिथली भाषा त्यांना येत नाही अशा ठिकाणी. 'आत काय' हे सुद्धा ज्यांना तिथल्या बोलीत विचारता येणार नाही असे ते तिकडे जाणार होते. याचा मला राग येतो, आणि कुणावर काढावा ते कळत नाही, कारण त्या हुकुमाच्या तळाशी माझंच अक्षर आहे.

नवीन कंपाउंडर आला. त्यानं कपाटाच्या तळाची काळपट बाटली शोधून काढली. गाव खूश झालं. लाल औषध परत आलं. आत काय होतं, कोण जाणे.

नाना गेले तो दिवस संक्रांतीच्या आसपासचा. मीही त्याच सकाळी कॉलेजला जायला निघालो होतो. मोटारीच्या थांब्यावर नाना एका ट्रंकेवर बसले होते. तोच कोट. निरोपाला कुणी नव्हतं, फक्त चंपाबाईंच्या गड्यानं तिळाच्या लाडवांची पुडी आणून दिली. नानांनी एक लाडू मोडून आत पाहिलं आणि मग खाल्ला.

मी जवळ जाऊन उभा राहिलो. 

"बस, सखाराम," पुडीतला एक लाडू माझ्या हातावर ठेवत ते म्हणाले. "तो अर्ज तूच लिहिलास ना?"

"हो, नाना."

"साहेबांनी माझ्यापुढं टाकला. मी अक्षराचा दस्तूर ओळखला. तुझ्या आबाच्या गळवाच्या वेळी तू दवाखान्याच्या वहीत सही केल्ती." ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "निळं तू पाह्यलं होतं ना? तुझ्याच ओसरीत."

"पाहिलं होतं."

"मंग?"

"सगळे म्हणत होते, नाना."

नानांनी रस्त्याकडे पाहिलं. "हां. सगळ्यांना लाल पाह्यजे होतं, मी लाल देत गेलो. सगळ्यांना घासलेट पाह्यजे होतं, तू ते दिलंस. आपण दोघं बराबर." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पण माझ्यापायी गया गेली. तुझ्यापायी कोण जातं ते अजून कळायचंय."

त्यांनी मला माफ केलं नाही. करायलाही नको होतं. मी तिळाचा लाडू हातात धरून तसाच उभा राहिलो.

मोटार आली. त्यांची मोटार पलीकडच्या दिशेची, माझी नंतरची. नाना चढले, खिडकीशी बसले. त्यांच्या शेजारी एक बाई मांडीवर पोर घेऊन बसली होती. पोर वाकळेत गुंडाळलेलं, थरथरत होतं. बाईनं पदराची गाठ सोडली. आतली लाल शेंग मला खालूनही दिसली. ती आता पोराच्या तोंडात घालणार, तोच नाना तिच्याकडे वळले. ओठांच्या हालचालीवरून मला कळलं ते काय विचारत होते.

बाई आधी मागं सरकली. मग तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं, आणि शेंग त्यांच्या हातावर ठेवली.

मोटारीत ऊन नव्हतं. म्हणून नानांनी हात खिडकीबाहेर काढला. हातात मापाचा ग्लास, आत थोडं पाणी. दुसऱ्या हातानं त्यात पूड झटकली, लिंबू पिळलं. ती दोन बोटं मी जवळून पाहिली. नखं पार पांढरी झाली होती. लाल कुठेच उरलं नव्हतं. मोटार हलली, धूळ उडाली. बाईनंही खिडकीतून डोकं बाहेर काढलं होतं आणि ती डोळे बारीक करून ग्लासाकडे बघत होती. निळं आलं की नाही ते मला दिसलं नाही. मोटार वळणापलीकडे जाईपर्यंत तो हात बाहेरच होता, उन्हात ताठ धरलेला.